बांधावरची वायर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मनिषाच्या कंपनीचा कॉम्प्युटर पनवेलजवळच्या नेऱ्याला आला. दोन मोठे खोके होते. टेम्पोवाल्याने ते पडवीत उतरवले, मोबाइलच्या काचेवर बोटाने सही घेतली आणि तो गेला. काशीराम तेव्हा डोक्यावर कवळाचा भारा घेऊन मागच्या दाराने येत होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्या राबावर अंथरायच्या सुक्या डहाळ्या होत्या. भाऱ्याखालून त्याला फक्त खोक्यांचे तळ आणि सुनेचे पाय दिसले.

मनिषा त्याच्या थोरल्या मुलाची, परेशची बायको. पाच वर्षे ती ऐरोलीच्या एका ऑफिसात जात होती. इस्पितळांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला आकडा द्यायचा, असे तिचे काम होते. ऐरोलीचे ऑफिस मेअखेर बंद होणार होते. ज्यांच्या घरची इंटरनेटची लाइन कंपनीच्या परीक्षेत उतरेल त्यांनी घरून काम करावे, बाकीच्यांनी पुण्याच्या ऑफिसात यावे, असे पत्र आले होते. परीक्षा पंचवीस तारखेला, सोमवारी सकाळी दहाला होती. पंधरा मिनिटे लाइन एकदाही तुटता कामा नये आणि स्पीड चाळीसच्या खाली जाता कामा नये.

त्या दिवशी जेवताना मनिषाने हे सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, "पास झाली तर हितंच. नाय झाली तर मी पुन्याला खोली बघनार. पोरीची शाळा बी तिकडंच. नोकरी सोडनार नाय, बाबा."

परेश उरणकडच्या कंटेनर यार्डात बारा तासांच्या पाळीवर होता. तो ताटाकडे बघत राहिला. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीने, पूर्वीने, पुण्याला समुद्र आहे का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी काशीरामने डोंगरातून कवळाचे दोन भारे जास्त आणले. राबाला तेवढ्याची गरज नव्हती.

लाइन कुठली घ्यायची हे ठरवायला चार दिवस गेले.

पहिल्यांदा सिमकार्डाचा डबा आणून पाहिला. परेशने तो मित्राकडून आणला होता. पडवीत आकडा सहावर थांबला. मनिषा डबा घेऊन गच्चीवर चढली, पूर्वी कॉम्प्युटरसमोर बसून आकडे ओरडू लागली. जिन्यात अकरा. पाण्याच्या टाकीवर बावीस. टाकीवर उभे राहून, डबा हात उंच करून धरला तर एकतीस. शनिवारी संध्याकाळी मुंबईची माणसे फार्महाउसवर उतरली आणि टाकीवरचा आकडाही चारवर आला. मनिषाने डबा परत पाठवला.

मग गच्चीवर इंटरनेटची छत्री बसवणारा माणूस नवीन पनवेलहून आला. त्याने गच्चीवर चढून पश्चिमेकडे मोबाइल धरला आणि खाली बघून सांगितले की टॉवर आणि घर यांच्या मध्ये फणस येतो. तीन फांद्या काढल्या तर काम होईल. काशीरामची बायको सखूबाई फणसाखालीच उभी होती. कुठल्या तीन, असे तिने विचारले. त्याने दाखवल्या. त्या तीन फांद्यांवर सात फणस होते.

"पिकू दे," सखूबाई म्हणाली. "मग ये."

"कधी पिकतील, मावशी?"

"फनसाला ठावं."

पावसात वाऱ्याने पाने हलली तरी लाइन कधीकधी हलते, असेही त्या माणसाने उतरताना प्रामाणिकपणे सांगितले. तो विषय तिथेच संपला.

राहिली वायर. सुकापूरचा मिथुन म्हात्रे एका केबल ऑफिसचे काम करायचा. तो मोटरसायकलवर आला, रस्त्याच्या कडेचा खांब पाहिला, तिथून घरापर्यंत बांधावरून चालत आला आणि पडवीत बसून पाणी प्यायला. फायबर रस्त्यापर्यंत आलेला होता. पुढे एकशे साठ मीटर आणायचा. चाळीस काय, शंभर देतो, असे तो म्हणाला. अडचण एकच होती. काशीरामच्या शेतावरून विजेची मोठी लाइन गेली होती आणि तिच्याखाली मिथुनला खांब उभे करता येत नव्हते. खांब बांधावरच घ्यावे लागणार आणि त्यांना ओढून धरणाऱ्या ताणाच्या तारा पलीकडच्या शेतात.

पलीकडचे शेत तुळशीरामचे.

"त्यांना फक्त सांगायचंय, काका," मिथुन म्हणाला. "फुटभर लोखंडी खुंट्या चार. भातालाही लागणार नाहीत."

काशीराम उठून बाहेर गेला.

तुळशीराम त्याचा सख्खा चुलतभाऊ, दोन वर्षांनी लहान. दोघांच्या शेतांमधला बांध आजोबांच्या वेळी बैलजोडी जाईल एवढा होता म्हणतात. आता त्यावरून चालताना एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवावे लागत होते. दर नांगरटीला कुणीतरी चार बोटे खात होता. तो मी नव्हे, हे दोघांनीही देवाची शपथ घेऊन सांगितले होते आणि चार वर्षांपूर्वी बोलणे थांबले होते. लग्नात दोघे एकाच मांडवात जेवत, वेगवेगळ्या पंगतीला.

काशीराम परत आला तो खांद्यावर पहार घेऊन. वायर जमिनीतून न्यायची, बांधाच्या आपल्या अंगाने, असे त्याने सांगितले. चर तो स्वतः खणणार होता. मिथुनने उंदीर सांगितले, ट्रॅक्टर सांगितला, शेळ्या सांगितल्या.

"वीतभर खोल घालतो," काशीराम म्हणाला. "बांदाच्या मुळाशी ट्रॅक्टर येत नाय."

मनिषा सासऱ्याकडे बघत होती. तुळशीरामकाकांना मी विचारते, असे ती म्हणाली असती, पण पहार खांद्यावर आली होती.

मे महिन्यातली जमीन. दोन दिवस काशीराम सकाळी पाचला उठून खणत होता आणि दहाला ऊन अंगावर आले की थांबत होता. चार वाजता पुन्हा. चौसष्टावे वर्ष लागलेले, डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो एक पाय लांब पसरून, बसूनच कुदळ मारत होता. माती ढेकळाने निघत होती. सखूबाई घमेल्याने ती बाजूला ओढत होती. पलीकडच्या अंगणात तुळशीराम शेळ्यांना पाला घालत होता आणि इकडे बघत नव्हता.

घराजवळच्या शेवटच्या वीस फुटांत कातळ लागला. तिथे बांधाला लागूनच राब होता. भाताची रोपे करायची ती जागा, शेण, पाला, कवळ आणि वर माती असे थर घालून भाजायला तयार ठेवलेली. काशीरामने पहार मारली तर ती वाजून उलटी आली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. चार बोटे खोली मिळाली. बाकी जागी वीत होती.

मिथुनने गुरुवारी काळ्या पाइपातून वायर टाकली तेव्हा कातळापाशी तो थांबला. इथे कमी आहे, काका, म्हणाला. काशीरामने वर माती ओढली, पायाने थोपटली आणि बस हाय तेवढा, म्हणून सांगितले.

शुक्रवारी दुपारी पडवीतल्या डब्यावर हिरवा दिवा लागला. आकडा अठ्ठ्याण्णव आला. पूर्वीने तो तीनदा ओरडून सांगितला. मनिषाची आई गव्हाणला होती, ती कॉम्प्युटरच्या काचेवर तोंडभर दिसली आणि सखूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. काशीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या तळहातांना फोड आले होते. ते त्याने कुणाला दाखवले नाहीत, पण त्या दिवशी तो भाकरी डाव्या हाताने मोडत होता आणि दोनदा हसला.

शनिवारी सकाळी वारा पडलेला होता. राब भाजायला असाच दिवस लागतो.

भाजणीची त्या भागातली रीत अशी, की आदल्या संध्याकाळी शेजारच्या शेतवाल्याला सांगायचे. मग तो आपली पेंढ्याची उडवी झाकतो, शेळ्या लांब बांधतो, पाण्याची मडकी भरून ठेवतो. चार वर्षे काशीरामने सांगितले नव्हते. पण कुणी बोट दाखवू नये म्हणून तो दर वर्षी तुळशीरामच्या अंगाचे सुके गवत स्वतः काढायचा आणि बांधाची ती बाजू भिजवायचा. या वर्षीही त्याने विहिरीवरून चौदा मडकी आणून तिकडे ओतली. आपल्या अंगाला पाणी मारण्याचा प्रश्न नव्हता. या अंगाला तर राबच जळायचा होता.

सहा वाजता त्याने आग दिली. राब चांगला लागला. वर ज्वाळा फार नव्हत्या. माती तापत होती, थर बसत होते, पांढरा धूर सरळ वर जात होता. काशीराम ओले गोणपाट घेऊन फिरत होता. काम मनासारखे चालले होते.

साडेआठला मनिषाने पडवीतून हाक मारली.

"बाबा, लाल दिवा आलाय."

काशीरामने पडवीकडे पाहिले, मग बांधाच्या कोपऱ्याकडे. मग त्याला वास आला. कवळाच्या आणि शेणाच्या वासात तो वेगळा होता आणि बहुधा बराच वेळ येत होता. त्याने काठीने माती उकरली. काळा पाइप काकवीसारखा वितळून कातळाला चिकटला होता.

मनिषा येऊन शेजारी उभी राहिली. तिने पाइपाकडे पाहिले आणि पदराने डोळ्यांतला धूर पुसला.

"राबाची आग वर नाय, खाली जाते," काशीराम म्हणाला. "तेच्यासाठीच भाजायचा असतो. मना ठावं होता."

"सोमवारी धा वाजता हाय, बाबा," मनिषा म्हणाली. एवढेच म्हणून ती आत गेली.

तिने मिथुनला फोन केला. तो रविवारी सकाळी यायला तयार होता, खांब घेऊन. पण आता वरूनच. पुन्हा जमिनीतून टाकणार नाही, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे मनिषाने जसेच्या तसे सासऱ्याला सांगितले. पुण्याच्या खोलीबद्दल ती बोलली नाही. दुपारी मात्र सखूबाईने तिला नातीचे हिवाळी कपडे पत्र्याच्या पेटीतून काढून उन्हात घालताना पाहिले.

सखूबाई म्हणाली की ती तुळशीरामच्या बायकोशी, कृष्णाबाईशी बोलते. बायकांचे बोलणे विहिरीवर कधी बंद नव्हतेच. काशीराम नको म्हणाला. त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि चार वाजता तो बांधावरून निघाला, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवत. डावा गुडघा वाकत नसल्याने तो दोनदा तुळशीरामच्या शेतात उतरला आणि दोन्ही वेळा घाईने वर चढला.

तुळशीराम अंगणात उडवीपाशी पाटावर बसला होता. शेजारी दोन मडकी आणि गोणपाट होते.

"ये," तो म्हणाला.

कृष्णाबाईने तांब्या आणून दिला. काशीराम पाणी प्यायला. मग त्याने वायरचे सांगितले. खांब बांधावर, ताण तुझ्या शेतात, चार खुंट्या. सोमवारची परीक्षा सांगितली. नाहीतर सून आणि नात पुण्याला जातात, हेही सांगितले. बोलताना तो तांब्याकडे बघत होता.

तुळशीरामने ऐकून घेतले. मग मडक्याला हात लावून म्हणाला, "सकाली सहापासून हितं बसलोय. धूर दिसला नि मडकी भरली. चार वर्सं असाच बसतंय."

"तुज्या अंगाला पानी मारला होता मी. चौदा मडकी."

"मोजली मी. गेल्या साली बारा होती."

काशीरामने तांब्या खाली ठेवला.

"पानी मारलास, सांगितला नाय," तुळशीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "बांदाचा काय, बांद दोगांनी बी खाल्ला. तू बी खाल्लास, मी बी. पन आग लावताना मानूस वैऱ्याला बी सांगून लावतो. मी काय वैऱ्याच्या पलीकडचा?"

दारातून कृष्णाबाई आत गेली. एक शेळी उडवीला तोंड लावत होती. तिला हाकलायला दोघेही एकदम उठले आणि पुन्हा बसले.

"चुकला माजा," काशीराम म्हणाला.

तुळशीरामने तंबाखूची डबी काढली, मळली आणि चिमूट त्याच्यापुढे धरली.

"खांब कुटं लावनार?"

"बांदावर. मदोमद."

"मद कोन काडनार?"

"दोगं काडू."

"काडू." तुळशीरामने डबीचे झाकण लावले. "मी सोमवारी भाजतंय. सांगून ठेवतो."

"सोमवारी धा वाजता तिची परीक्षा. पाव तास."

"मग नंतर भाजतो."

सोमवारी सूर्य वर आल्यावर वारा सुटणार, आणि वाऱ्यात राब भाजणे म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होते.

रविवारी मिथुन एका माणसाला आणि चार लोखंडी खांबांना टेम्पोत घालून आठला आला. साडेनऊपर्यंत पहिला खड्डाही पडला नव्हता. काशीराम आणि तुळशीराम बांधावर दोरी धरून बसले होते. आधी हल्लीच्या बांधाचा मध्य काढला. मग तुळशीराम म्हणाला की आजोबांनी रस्त्याकडे पुरलेला दगड खरा. दगड शोधला. घराकडचाही शोधला. त्या दोन दगडांवरून दोरी ताणली तेव्हा ती कुठे काशीरामच्या नांगरलेल्या जमिनीवर आली, कुठे तुळशीरामच्या. दोघांनी ते पाहिले आणि कुणीच कुणाकडे पाहिले नाही.

"काका, चार बोटं इकडे झालं काय, तिकडे झालं काय," मिथुन घाम पुसत म्हणाला. "काय फरक पडतो?"

"पडतो," दोघे म्हणाले.

खांब दोरीवर उभे राहिले. ताणाच्या खुंट्या तुळशीरामने स्वतः घणाने ठोकल्या. मिथुनच्या माणसाचा घाव तिरपा जातो, असे त्याचे म्हणणे होते. मग जिथे बांध खाल्लेला होता तिथे त्याने आपल्या अंगाची माती ओढून खांबाच्या बुडाला घातली. थोड्या वेळाने काशीरामही इकडून घालू लागला. दुपारी दोनला डब्यावर हिरवा दिवा लागला. सखूबाईने त्या तीन फांद्यांपैकी एकीवरचा पहिला पिकलेला फणस उतरवला, कोयत्याला तेल लावून तो फोडला आणि अर्धा पूर्वीच्या हाती न देता, जड म्हणून, स्वतः बांधावरून कृष्णाबाईकडे नेला. उन्हात घातलेले हिवाळी कपडे तिने येताना दोरीवरून काढले आणि घडी न करताच आत टाकले.

सोमवारी पावणेदहाला मनिषाने पडवीचे दार लावून घेतले. कॉम्प्युटरला भिंतीतली वायर जोडलेली होती. पूर्वीला सखूबाईने विहिरीवर नेले.

बांधापलीकडे तुळशीरामचा राब तयार होता. खांबांपासून पाच हात जागा त्याने मोकळी सोडली होती. तेवढी रोपे या वर्षी कमी होणार होती. तो उकिडवा बसला होता, हातात काडेपेटी. काशीराम या बाजूला बसला होता, पुढे सहा मडकी आणि गोणपाट. वारा सुटायला लागला होता. फणसाची वरची पाने हलत होती.

दहा वाजून गेले. तुळशीरामने काडेपेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सव्वादहा झाले. घराचे मागचे दार बंदच होते. रस्त्यावरून एक डंपर गेला आणि वायर जरा थरथरली, तेव्हा दोघांनीही वर पाहिले. तुळशीरामने मूठभर माती उचलून बोटांतून सोडली. ती काशीरामच्या बाजूला उडाली.

"अजून वारा सोसनारा हाय," तो म्हणाला. "थांबू."

दहा वाजून बावीस मिनिटांनी मागचे दार उघडले. मनिषा पायरीवर आली. ती हसत नव्हती, पण तिने पदर कमरेला खोचला होता, जसा ती कामाला लागताना खोचायची.

"झाली, बाबा," ती म्हणाली. "त्यांनी कागद पाठवला. एक तारखेपासनं हितनंच."

"किती आला?" तुळशीरामने पलीकडून विचारले.

"सत्त्याण्णव."

"पायजे किती होता?"

"चालीस, काका."

"मग वरच्याचा काय करनार?"

"असूद्या," मनिषा म्हणाली. मग ती हसली आणि आत गेली. तिचे काम पडले होते.

काशीरामने एक मडके उचलले. आधी जवळच्या खांबाच्या बुडाशी पाणी ओतले, मग बांधाच्या आपल्या अंगाला. गुडघा न वाकवता तो हळूहळू पुढे सरकत गेला आणि चारही खांब भिजवून परत आला. तुळशीराम काडी काढून थांबला होता.

"दादूस," तो म्हणाला, "पेटवू?"

काशीरामने गोणपाट पाण्यात बुडवून खांद्यावर घेतले.

"पेटव."